अण्णांना 'आराम करा' न म्हणणारं डे केअर (उपनगर, नाशिक) – नऊ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. वडिलांना इथे येऊन नऊ महिने झाले आणि गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणींनी मला थांबवून विचारलं की अण्णांना काय केलंस गं, चेहराच बदलला त्यांचा. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते, म्हणजे ज्यांच्या घरी कुणी असं गप्प बसलेलं असेल त्यांनाही उपयोग होईल.

आमचे अण्णा 72 वर्षांचे. नोट प्रेसमधून रिटायर्ड. नाशिकरोडवाल्यांना वेगळं सांगायला नको, सिक्युरिटी प्रेस 1925 ची, करन्सी नोट प्रेस 1928 ची, जेल रोडला आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात एक प्रेसवाला. अण्णा तपासणीला होते, म्हणजे छापून आलेल्या कागदात दोष शोधायचा, शाई पसरली, रेघ तुटली, रंग सरकला, असलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी वेलांटी चुकलीय का बघायचे आणि मग कुणाचं लग्न आहे ते.

रिटायर झाल्यावर ते खचतील असं सगळे म्हणत होते पण तसं झालं नाही, कारण त्यानंतर चार वर्षांत आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची सहा वर्षं आईचं सगळं अण्णांनीच केलं. अंघोळ, औषधं, व्यायाम, भरवणं, रात्री कूस बदलून देणं. आम्ही बाई लावली तर तिला चार दिवसांत नको म्हणाले. स्वतःची शुगर होती तरी कधी गोळी चुकली नाही, पहाटे पाचला उठणं चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि आम्ही सगळे, मी, भाऊ, मावशी, सगळे एकच वाक्य बोललो, की आता तुम्ही आराम करा अण्णा, खूप केलंत.

त्या वाक्याचा मला आज फार त्रास होतो. कारण त्यांनी खरंच आराम केला. आणि सहा महिन्यांत माणूस ओळखू येईना.

उठायला नऊ वाजायला लागले, दाढी आठवड्याला एकदा, टीव्ही चालू आणि नजर भिंतीवर. पेपर घडीही न मोडता रद्दीत. गोळ्यांची डबी मी भरून ठेवायचे आणि शनिवारी बघितलं तर बुधवार-गुरुवारच्या तशाच. तीन महिन्यांची शुगर 9.2 वर गेली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं ऑपरेशन करून घ्या, तर म्हणाले, "आता काय बघायचंय मला?" हे ते चिडून नाही म्हणाले, अगदी साध्या आवाजात म्हणाले, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

तेव्हा मी आधी दुसऱ्या एका डे केअरला घातलं त्यांना, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, नाव घेत नाही. जागा चकाचक होती, एसी, मागे रेलायच्या खुर्च्या, मोठा टीव्ही, दुपारी भजन, शुक्रवारी तंबोला. स्टाफ प्रेमळ. उठून पाण्याचा ग्लास घ्यायला गेलं तरी धावत येऊन "बसा बाबा, आम्ही देतो ना" म्हणायचे. मला वाटलं वा, अजून काय पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी जायचं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं सगळे नुसते वाट बघत बसलेत गं." कशाची वाट, ते मी विचारलं नाही.

नंतर बऱ्याच दिवसांनी मी एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला हे वाक्य परत आठवलं. 1976 साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन मजल्यांवरच्या लोकांना वेगवेगळं वागवून बघितलं. एका मजल्यावर सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा, आणि हे घ्या एक रोप, याला तुम्ही सांभाळायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ, रोप त्यांनाही दिलं पण पाणी नर्स घालणार. दोन्हीकडे माया तेवढीच. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलती झाली. प्रयोग छोटा होता, शंभरसुद्धा माणसं नव्हती, त्यामुळे त्यावर इमारत उभी करता येत नाही, पण मी ते वाचून बराच वेळ नुसती बसून होते. आमच्या त्या एसीवाल्या डे केअरमध्ये सगळ्यांच्या रोपांना पाणी नर्सच घालत होत्या.

तर आता ह्या जागेबद्दल. उपनगर नाक्यापासून आत, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. चालवणाऱ्या ताई पूर्वी नर्सिंगमध्ये होत्या. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा दारातच एक फळा दिसला, त्यावर खडूने नावं आणि पुढे कामं. कुंड्या. वाती. हजेरी. पेपरवाचन. पुस्तकं. खिचडी. आणि खाली मोठ्या अक्षरात "पोरं – 4 वाजता". मला वाटलं हे शोभेचं असेल. ताईंनी अण्णांना तब्येतीचं नंतर विचारलं, आधी विचारलं, "काका, तुम्हाला काय येतं?"

अण्णा म्हणाले, मला काही येत नाही. त्या म्हणाल्या, नोकरी कुठे होती? प्रेसला. मग त्यांनी आतून पुस्तकांचा एक गठ्ठा आणून समोर ठेवला, जवळच्या शाळेतली फाटलेली वाचनाची पुस्तकं, पानं सुटलेली, काही उलटीसुलटी. "ह्यातली कुठली दुरुस्त होतील आणि कुठली टाकायची, तेवढं बघून द्या, आमच्यात कुणाला कळत नाही." आणि निघून गेल्या. मी दाराशी उभी होते. पाच मिनिटं अण्णांनी हात लावला नाही. मग एक उचललं, डोळ्याजवळ नेलं, पानांचे आकडे बघायला लागले, आणि पुटपुटले, "ही जुजच उलटी शिवलीय." जुज म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची घडी. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते कशावर तरी चिडले होते. मी जिन्यात येऊन रडले, खरंच सांगते.

पहिले तीन आठवडे सोपे नव्हते हे पण सांगायला हवं. दोनदा जायला नाही म्हणाले. एका बुधवारी सर्दी झाली म्हणून घरी थांबले तर साडेदहाला सेंटरमधून फोन. मी समजले तब्येत विचारायला असेल. ताईंनी विचारलं, "काका, खळ कुठे ठेवलीय तुम्ही? आणि आज ती सात पुस्तकं परत द्यायचीयत शाळेला, शिवून झाली का?" अण्णा खोकत खोकत म्हणाले, दोन राहिलीत, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, मी येतो. आणि गेले, मफलर गुंडाळून! त्या दिवशी मला पटलं की ही बाई काहीतरी वेगळं करतेय. "कसे आहात" असे फोन अण्णांना रोज दहा यायचे. "तुमच्यावाचून अडलंय" असा फोन आई गेल्यापासून पहिला होता.

मग पोरं. दुपारी चारला जवळच्या मनपा शाळेतली तिसरी-चौथीची पंधरा-वीस मुलं येतात, तास-दीड तास वाचन आणि गणित. एका आजी-आजोबांकडे दोन-तीन मुलं, आणि ठरलेली, म्हणजे आज हा उद्या तो असं नाही. अण्णांकडे तीन आहेत. अण्णांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ आहे, आम्हाला लहानपणी मारून मारून शिकवलं होतं आणि आम्ही विसरूनही गेलो, ते त्यांनी ह्या तिघांना हळूहळू द्यायला सुरुवात केली. "सतरा पावके सव्वाचार" म्हणताना ती पोरं अशी काही डोलतात! एकाची आई धुणीभांडी करते, ती एकदा मला जिन्यात भेटली, म्हणाली आमचा आता भाजीवाल्याला पाव किलोचे पैसे तोंडाने सांगतो.

आता माझ्यासाठी ह्या रिव्ह्यूतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साधारण सातव्या आठवड्यात, रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "तो डोळ्याचा डॉक्टर शनिवारी असतो का?" मी घास हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, "ती पोरं पेन्सिलने इतकं पुसट लिहितात, मला तीन आणि आठ वेगळे दिसत नाहीत. परवा एकाचं बरोबर उत्तर मी चूक दिलं. रडलं बिचारं." आम्ही सव्वा वर्ष समजावत होतो, डॉक्टर समजावत होते, भाऊ पुण्याहून येऊन ओरडून गेला होता. ऑपरेशन झालं पंधरा दिवसांत. त्यानंतर चार दिवस घरी बसा म्हटलं तर घरातल्या घरात येरझाऱ्या.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत काम करते, त्यामुळे सवयच आहे, एक पीस चांगला निघाला म्हणून लॉट पास करायचा नसतो. आमचे अण्णा हा एक पीस. म्हणून मी रात्री बसून ह्या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले, आणि त्यात 2014 चा एक अभ्यास सापडला तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यात आमचीच गोष्ट होती. अमेरिकेतल्या 50 वर्षांवरच्या सात हजारांहून जास्त लोकांचा. जगण्याला काही दिशा, काही हेतू आहे असं ज्यांना वाटत होतं ते लोक पुढच्या वर्षांत कोलेस्टेरॉल तपासणं, कॅन्सरच्या तपासण्या करून घेणं, हे जास्त करत होते आणि त्यांच्या हॉस्पिटलमधल्या रात्री कमी होत्या, हेतूच्या सहा पायऱ्यांच्या मापात दर पायरीमागे 17 टक्क्यांनी कमी. म्हणजे ह्यात जादूटोणा काही नाही. ज्याला उद्या कुठेतरी जायचंय तो आज गोळी घेतो. ज्याला काही बघायचंय तो डोळा दाखवतो. आपण आईवडिलांना उलट्या बाजूने पकडतो, आधी तब्येत नीट करा मग काय ते करा म्हणतो.

शिकागोच्या रश विद्यापीठात पॅट्रिशिया बॉयल आणि त्यांच्या टीमने 900 च्या वर म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना सुरुवातीला विस्मरणाचा आजार नव्हता अशांना, जास्तीत जास्त सात वर्षं बघितलं. 2010 मध्ये ते छापून आलं. हेतूची भावना ज्यांची खूप पक्की होती ते अल्झायमरपासून लांब राहण्याची शक्यता, ज्यांची खूप कमी होती त्यांच्यापेक्षा जवळजवळ 2.4 पट निघाली. जपानमध्ये तर ओसाकी भागात 43,391 लोकांना एकच साधा प्रश्न विचारला होता, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, म्हणजे सकाळी उठावंसं वाटायला काही आहे का, आणि सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. "नाही" म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी.

पण ह्यात एक खाच आहे आणि ती मला लपवायची नाही. माणूस आतून आजारी असेल तर त्याची जगण्याची ओढ आधीच कमी झालेली असू शकते, म्हणजे हेतू गेला म्हणून तब्येत गेली की तब्येत जात होती म्हणून हेतू गेला, हे नुसत्या नोंदींवरून शंभर टक्के सांगता येत नाही. सुरुवातीची तब्येत, वय, पैसा, बिडी-सिगारेट हे सगळं ते हिशोबात धरतात, तरी शंका राहतेच. म्हणून मला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातलं काम जास्त पटलं. तिथे साठीच्या पुढच्या लोकांना प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला 15 तास मुलांना वाचायला मदत करायला पाठवलं, आणि कोण जाणार कोण नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे आधीच उत्साही होते तेच गेले असं म्हणायला जागा नाही. त्यातल्या शंभरेक लोकांच्या मेंदूचे दोन वर्षं स्कॅन काढले तर जाणाऱ्यांमध्ये, त्यातही पुरुषांमध्ये जास्त, वयाने जो मेंदू आक्रसतो त्याचा कल थांबलेला किंवा उलटा फिरलेला दिसला. ताईंनी ह्यातलं काही वाचलेलं नाही. मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "अहो मी तर पोरांना जागा नव्हती म्हणून बोलावलं."

अण्णांची तीन महिन्यांची शुगर आता 7.3 आहे. ह्याचं सगळं श्रेय मी सेंटरला देणार नाही, कारण मध्ये डॉक्टरांनी एक गोळी बदलली, आणि बसस्टॉपपर्यंत जाऊन-येऊन आणि तिथला जिना धरून रोजचं चालणंही बरंच वाढलंय. पण गोळ्यांची डबी शनिवारी रिकामी असते, ती मी नाही रिकामी केली आणि गोळी बदलणाऱ्या डॉक्टरांनीही नाही.

आता तक्रारी, कारण आहेत आणि मोठ्या आहेत.

पहिली तर लिफ्ट नाही. चौदा पायऱ्या, मध्ये एक वळण. कठडा मजबूत आहे आणि मदतीला माणूस असतो, तरी ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी हे अवघडच. व्हीलचेअरवरच्या एक आजी येतात, त्यांना दोघं जण उचलून वर नेतात, रोज. मला ते बघवत नाही. खालचा मजला मिळेल असं ऐकतेय सहा महिने.

दुसरी, व्हॅन नाशिकरोड बाजूला येत नाही. अण्णा बिटको चौकापर्यंत चालत जाऊन सिटीलिंकच्या बसने येतात, त्यांना जमतं, सगळ्यांना नाही जमणार. त्यात सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठला रस्ता कधी खोदलेला असेल नेम नाही, एकदा बस भलतीकडूनच वळवली तर तासभर आम्हाला पत्ता नव्हता. सेंटरने मात्र पंधरा मिनिटांत फोन केला की काका आले नाहीत, हे चांगलं.

जेवण साधं, वरणभात, पोळी, भाजी, कधी खिचडी. मीठ जास्त असतं, बीपीवाले निम्मे आहेत तिथे, मी दोनदा सांगितलं, आठवडाभर फरक पडतो आणि परत तेच. टॉयलेट स्वच्छ आहे पण एकच आहे. वीस-बावीस माणसांना एक टॉयलेट, तेही ह्या वयात, हे चालणार नाही, दुसरं बांधाच.

आणि एक गंभीर गोष्ट. सुरुवातीच्या महिन्यात तिथे एक आजी होत्या, विस्मरणाचा त्रास असलेल्या, त्यांना रोज एका ताटात मूग आणि मटकी मिसळून निवडायला द्यायचे. संध्याकाळी सेंटरच्या कामाच्या मावशी ते परत एकत्र करून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी परत तेच ताट. एक दिवस मी अण्णांना घ्यायला लवकर गेले तर आजी ताटाकडे बघत बसलेल्या, हात मांडीवर, म्हणाल्या, "बाई, हा लाल खडा मी काल काढला होता." त्यांना नातवाचं नाव आठवत नाही पण खडा आठवत होता. मी सरळ ताईंकडे गेले, जरा जोरातच बोलले, की हे काम नाही हो, ही फसवणूक आहे. माझं त्यांना लागलं, दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवसापासून आजींना त्याच दिवशीच्या खिचडीचे डाळ-तांदूळ निवडायला मिळायला लागले, दुपारी सगळ्यांच्या ताटात तेच, आणि वाढताना मावशी मोठ्याने सांगतात आज डाळ कुणी निवडली. आजी खाली बघून हसतात. चूक झाली तर झाली म्हणून बदलणारी माणसं मला आवडतात, म्हणून ही तक्रार असूनही मी हे कौतुकातच धरते. पण दुसरीकडे कुठे बघायला जाल तर हे नक्की तपासा, दिलेलं काम खरं आहे का. म्हाताऱ्या माणसाला खोटं काम लगेच कळतं, ते बोलत नाहीत एवढंच.

अजून एक, सगळ्यांना काम म्हणजेच औषध असं नाहीये. आमच्या शेजारच्या मावशींना मी उत्साहाने घेऊन गेले, त्यांनी फळा वाचला आणि माझ्यावरच उखडल्या. "पंचेचाळीस वर्षं चुलीपुढे गेली, इथं येऊन पण खिचडीच का गं?" बरोबरच होतं त्यांचं. ताईंनी त्यांना कुठलंच काम दिलं नाही, नुसतं विचारलं काय करायचं राहून गेलं. मावशी पेटी म्हणाल्या. लहानपणी वडिलांनी मुलीच्या जातीला कशाला म्हणून शिकू दिली नव्हती. आता आठवड्यातून दोनदा एक बाई शिकवायला येतात आणि मावशींचा सा रे ग म सगळ्या बंगल्याला ऐकू येतो. अजून बोटं अडखळतात. पण गुढीपाडव्याला वाजवून दाखवायचंय म्हणून घरी टेबलावर बोटं फिरवत असतात, सुनेने मला सांगितलं. हेतू म्हणजे दुसऱ्याची सेवाच पाहिजे असं काही नाही, उद्याचा दिवस आजपेक्षा थोडा पुढे न्यायला काहीतरी पाहिजे, मग ते सतराचा पाढा असो नाहीतर पेटीवरचं भजन.

आणि एक काका आले होते, सिडकोतले, मुलगा गेला होता त्यांचा. ते आठ दिवस आले आणि नुसते रडायचे किंवा झोपायचे. ताईंनी त्यांना कुठलंच काम न देता आधी मानसोपचार डॉक्टरकडे पाठवलं, घरच्यांना बोलावून समजावलं. औषध सुरू होऊन दोन महिन्यांनी ते परत आले, आता कुंड्या बघतात. हे फार महत्त्वाचं आहे. डिप्रेशन असलेल्या माणसाला "काहीतरी करत राहा, मन रमव" म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं. ज्यांना हा फरक कळतो त्यांच्या हातात माणूस द्यायला भीती वाटत नाही.

पैशांचं: महिन्याला 3200, जेवणासकट 4700, व्हॅन हवी तर 900 वेगळे. त्या एसीवाल्या जागेपेक्षा बरेच कमी. वाती आणि कापडी पिशव्या विकून येणारे पैसे त्याच लोकांत वाटतात, हिशोब फळ्याशेजारी लावलेला असतो, मागच्या महिन्यात अण्णांच्या वाट्याला 140 रुपये आले. ते पाकीट त्यांनी आईच्या फोटोपुढे ठेवलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक स्टार जिना आणि टॉयलेटचा कापला, ते झालं की मी स्वतः येऊन पाच करीन.

वेळ सोमवार ते शनिवार 10 ते 5:30. बघायला जायचं असेल तर ताईंना आधी फोन करा आणि सकाळीच जा, एक पूर्ण दिवस आपल्या माणसाला बसवून बघायची सोय आहे, त्याचे पैसे घेत नाहीत. चारनंतर जाऊ नका. तेव्हा पोरं आलेली असतात, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरा शर्ट घातलेले एक आजोबा दिसतील, दाढी केलेली, समोर तीन डोकी वहीत घातलेली, त्यांना तुम्ही नमस्कार केलात तरी ते वर बघणार नाहीत.